पलटणीतला नवरा

माझं लग्न झालंय आणि माझा नवरा पलटणीत असतो, ही बातमी मला पहिल्यांदा विट्याच्या पोलीस ठाण्यातल्या एका कारकुनाने दिली. मान वर न करता, फाइलमधून वाचून. मी तेव्हा सांगलीच्या एका इस्पितळात नर्स होते, चोवीस वर्षांची होते, बिनलग्नाची होते, आणि स्वतःविषयी निदान एवढी माहिती आपल्याला आहे असा माझा समज होता.

“दुसऱ्या कुणाचा कागद असेल तो,” मी म्हणाले.

“नाव तुमचं, गाव तुमचं, आई तुमची. पती लष्करी नोकरीत, हवालदार, मुक्काम अंबाला. गावात चौकशी होऊन आलंय हे.” त्याने फाइलची नाडी आवळली. “आणि अर्जात तुम्ही लिहिलंय अविवाहित. खोटी माहिती दिली म्हणून तुमच्यावरच बालंट यायचं बाई. सांभाळा.”

हा सगळा खटाटोप पासपोर्टचा होता. माझ्या पुढच्या तुकडीतली एक मुलगी दोन वर्षांपूर्वी इंग्लंडला गेली होती. तिचं पत्र आलं: इथे नर्स मिळत नाहीत, तुझी सर्टिफिकिटं पाठव, मी मेट्रनच्या हातात देते. मी पाठवली. तीन महिन्यांनी निळ्या पाकिटातून टाइप केलेलं उत्तर आलं. उत्तरेकडच्या कुठल्याशा गिरण्यांच्या गावातलं इस्पितळ, म्हाताऱ्या माणसांचा वॉर्ड, राहायला खोली, कामाबरोबर पुढचं शिक्षण. एप्रिलच्या तुकडीत माझी जागा धरली होती. तोवर हजर झाले नाही तर जागा दुसरीला. ते पत्र मी इतक्यांदा उघडलं की ते घड्यांवर फाटलं आणि मला मागून चिकटपट्टी लावावी लागली.

मला जायचंच होतं. इस्पितळात कामाला मी कुणाला हार जाणारी नव्हते. पण महिन्यातून एखादा तरी पेशंट असा निघायचा की त्याची घाण मी काढलेली त्याला चालायची आणि माझ्या हातचं पाणी चालायचं नाही. नातेवाईक गोड आवाजात विचारायचे, “सिस्टर, तुम्ही कुठल्या?” गावाचं नाव सांगून भागायचं नाही. छप्पन साली आमच्या घराने धम्म घेतला, आईने स्वतःच्या हाताने देव उचलून नदीत सोडले, पण विचारणाऱ्यांच्या लेखी आम्ही होतो तिथेच होतो. तिकडच्या म्हाताऱ्यांना माझं आडनाव धड वाचताही येणार नाही, या एका विचाराने मला जो हुरूप यायचा तो काय सांगू! तिकडे दुसरं काही सोसावं लागेल हे मला कळत होतं. पण ते निदान नवं असणार होतं.

पहिला घोळ माझ्या जन्मानेच घातला. मी जन्मले तेव्हा कडेगावच्या बाजूचं आमचं गाव सातारा जिल्ह्यात होतं. पुढे ते दक्षिण साताऱ्यात गेलं. मग मी नर्सिंगला असताना दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला. गाव जागचं हललं नाही, पण दाखल्यावर सातारा आणि अर्जावर सांगली. चौकशीचा कागद मुंबईहून निघाला तो सरळ साताऱ्याला गेला आणि दिवाळीपासून तिथेच पडला. मी रजा काढून गेले, तर तिथले बाबू म्हणाले, “हे गाव आमच्याकडे येत नाही.”

“मग सांगलीला पाठवा.”

“पाठवायला हवं,” ते म्हणाले. कल्पना त्यांना मनापासून आवडलेली दिसली.

दुसऱ्या खेपेलाही ती त्यांना तेवढीच आवडली. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्या टेबलासमोरच्या बाकावर ठाण मांडलं, दुपारचा डबा तिथेच उघडला, सुक्या बोंबलांचं कालवण होतं, आणि त्याचा वास कचेरीभर झाल्यावर संक्रांतीच्या तोंडावर एकदाचा कागद हलला. साताऱ्याहून सांगली, सांगलीहून विटा, विट्याहून आमच्या गावची चावडी. तिथे त्याला नवरा चिकटला.

विट्याहून मी तशीच एसटीने गावी गेले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. घरी आमच्या आईशिवाय कुणी नव्हतं आणि ती पाटलांच्या उसात भांगलायला गेली होती. मी पायातल्या वहाणा हातात घेऊन सरीतून चालत तिच्यापर्यंत गेले. चार बाया ओळीने बसून तण काढत होत्या.

“आय, माझं लगीन कवा झालं?”

तिने खुरपं खाली ठेवलं नाही. “हळू बोल की. बाया ऐकत्यात.”

“ऐकू देत. माझा नवरा अंबाल्याला असतोय म्हणं. मला एकदा दावला असतास तर बरं झालं असतं.”

बायांनी माना खाली घातल्या, पण खुरपी थांबली होती. आई उठून मला बांधाला घेऊन आली.

“पोलीस आला हुता. चावडीत बलावलं मला. समदी बसल्याली. पोरगी कुटं असती, कुणापाशी असती, एकलीच असती का, लगीन झालंय का, इचारत हुता. मी काय सांगू गं? पोरीचं नाव घेत पोलीस दारात आला म्हंजी लोक काय समजत्यात?”

“म्हून नवरा दिलास?”

“नवरा हाय म्हटल्यावर गप बसली समदी.”

गाव गप्प बसणारच होतं. आमच्या भागात दर दोनचार घरांमागे एक माणूस पलटणीत. असा नवरा अकरा महिने दिसला नाही तरी कुणी काही विचारत नाही. उलट मान देतात. खोटं बोलायचं तर याहून सोयीचा नवरा मिळणं अवघड होतं. आणि आईला तो रचायला कष्टही पडले नव्हते. अंबाला, हवालदार, सगळं माझ्या बापाचं होतं. बापाची अख्खी नोकरी तिने त्या नवऱ्याला देऊन टाकली होती. बापाची कार्डं यायची तेव्हा ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असे. मजकूर काही असो, शेवटची ओळ ठरलेली: सुटी लागली की येतो. आई ती ओळ दोनदा वाचायला लावायची. आणि तो दर वेळी यायचा. पेन्शनीत निघून तीन वर्षं झाल्यावर घरातच तापाने गेला.

त्याच संध्याकाळी मी पाटलांच्या वाड्यावर गेले. पंच म्हणून कागदावर पहिली सही त्यांची होती.

“पाटील, माझं लगीन झाल्यालं न्हाई, तुमाला ठावं हाय.”

“मला काय, समद्या गावाला ठावं हाय.”

“मंग सही का केली?”

“तुजी आय म्हणाली झालंय. आयपरीस मला जास्ती कळतंय व्हय?”

“मग आता न्हाई म्हणून लिहून द्या.”

“आता? आन मी खोटा ठरू?” ते खरोखरच दुखावले. “सरकारी कागदावर दिल्याली सही हाय ती. आज एक, उद्या एक, आसं करून कसं चालंल?” माझ्यासाठी चहा आला तो कान तुटलेल्या वेगळ्या कपातून. मी तो घेतला नाही.

त्यानंतर मी विट्याला किती खेटे घातले त्याची गणती नाही. कारकून माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या जगात फाइलबाहेर काही घडत नव्हतं.

“पतीची हरकत नसल्याचं पत्र आणा, लगेच पुढे पाठवतो.”

“पती नाहीच.”

“मग तसं त्यांच्याकडून लेखी आणा.”

“जो नाही तो लेखी कसं देईल?”

“ते तुमचं तुम्ही बघा. फाइलमध्ये आहे.”

सांगलीच्या वकिलाकडून मी प्रतिज्ञापत्र करून आणलं. कारकून म्हणाला, हे तर तुमचंच म्हणणं, पंचांचं म्हणणं वेगळं आहे. लग्न झाल्याचा दाखला मिळतो. न झाल्याचा कुठल्या कचेरीत मिळतो ते कुणी सांगत नव्हतं. रात्रपाळी करून सकाळच्या गाडीने जायचं, दुपारपर्यंत बाकावर बसायचं, परत येऊन पुन्हा पाळीवर उभं राहायचं. एकदा इंजेक्शन भरता भरता माझा डोळा लागला, तेव्हा आमच्या मेट्रनबाईंनी मला बाजूला घेतलं. “तुला जायचंय तर जा, नाहीतर इथे नीट राहा,” त्या म्हणाल्या. जणू मी हौसेने मध्ये लोंबकळत होते!

एप्रिल आला आणि गेला. ज्या दिवशी माझी तुकडी तिकडे हजर झाली असेल त्या दिवशी मी बाळंतिणींच्या वॉर्डात चादरी मोजत होते. मग निळं पाकीट आलं. आपण येऊ शकला नाहीत याचा खेद वाटतो. जानेवारीच्या तुकडीसाठी आपलं नाव आणखी एकदा, शेवटचं, धरून ठेवत आहोत. ‘शेवटचं’ या शब्दाखाली रेघ मारलेली होती.

मी पुन्हा चपला झिजवू लागले. पावसाळा सरत आला आणि सरहद्दीवर लढाई पेटली. विट्याच्या कचेरीसमोर झाडाखाली एक टायपिस्ट बसायचे. माझे सगळे अर्ज त्यांनीच टाइप केले होते, त्यामुळे माझी हकिकत त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी एकदा यंत्रावरून हात काढले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “बाई, रागावू नका. आता लढाई चालू आहे. तो कामी आला म्हणून लिहू या. विधवेला कुणाची संमती लागत नाही. कोण बघायला जातंय?”

मी नाही म्हणाले नाही. विचार करून सांगते म्हणाले. खरं ते लिहायचं तर एसटीत बसल्यावर मला हलकंच वाटलं. एका कागदात सुटका होती.

त्याच आठवड्यात आमच्या आळीत तार आली. आमच्यापासून तिसरं घर. मुलगा माझ्याबरोबर शाळेत होता. मी नर्स, म्हणून गावी पोचल्या पोचल्या मला तिथे नेलं. त्याची बायको माझ्याहून लहान. अंगणात जोंधळे पाखडत बसली होती आणि कुणी हात धरला तरी थांबत नव्हती. मी शेजारी बसले. काय करावं ते मला इस्पितळात शिकवलेलं नव्हतं. बऱ्याच वेळाने मी तिच्या हातातलं सूप काढून घेतलं, तेव्हा तिने मला विचारलं, “तुमचं मालक कुटं हाईत आत्ता?”

आईचं खोटं तिच्यापर्यंत पोचलं होतं. मी म्हटलं, “अंबाल्याला.” दुसरं काय म्हणणार?

नंतर टायपिस्टांना मी सांगितलं, नको. ते म्हणाले, तुमची मर्जी. मग आणखी सहा आठवडे काहीही झालं नाही.

दिवाळीच्या सुमाराला विट्याला नवे फौजदार आले. त्यांनी फाइल सोडून माझ्याकडे बघितलं, एवढ्यानेच मला रडू यायचं बाकी राहिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाटील बदलणार नाहीत. मूळ जबाब तुमच्या आईचा आहे. त्यांनी इथे येऊन तो खोटा होता असं सांगितलं तर मी नवा अहवाल पाठवतो. पण पोलिसाला खोटं सांगणं गुन्हा आहे. ते आधीच सांगून ठेवतो.”

मी गावी जाऊन आईपुढे उभी राहिले. उद्या विट्याला यायचं आणि खरं सांगायचं. दुसरी वाट नाही. आईने आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढली नव्हती.

“मला बेड्या घालत्याल व्हय गं?”

“घालू देत,” मी म्हणाले.

हे मी म्हणाले. इस्पितळात दारू पिऊन अंगावर धावून येणाऱ्या पेशंटशीही मी त्या आवाजात बोलले नव्हते. आजही ते आठवलं की जीभ हासडावीशी वाटते. सकाळी आईने धुतलेलं लुगडं नेसलं, बापाचं पेन्शनचं पुस्तक रुमालात बांधून घेतलं आणि माझ्याआधी जाऊन एसटीच्या थांब्यावर उभी राहिली.

फौजदारांनी खुर्ची दिली. ती बसली नाही.

“बाई, पोलिसाने तुम्हाला काय विचारलं होतं? मुलीचं लग्न झालंय का, असं?”

“न्हाई सायेब,” आई म्हणाली. “त्यांनी तसं काय बी इचारलं न्हाई. म्याच आपनहून सांगितलं.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. इतके महिने ती मला दुसरंच सांगत होती.

“का?” फौजदारांनी विचारलं.

तिने पेन्शनचं पुस्तक दोन्ही हातांत धरलं होतं. “ही समुद्रापल्याड जानार. बिनलग्नाची पोर तिकडं गेल्यावर तिला माघारी कोन बलावनार? मी बलावून काय हुतंय? सरकार माझं ऐकतंय व्हय? नवरा हाय म्हटल्यावर कसं, तिकडचं सरकारबी म्हणंल, बाई, तुजा मानूस हाय तिकडं, माघारी जा. हिचा बा यायचाच की सायेब. पलटणीतल्याला सरकार सुटी देतंय. आमास्नी कोन देतंय?”

फौजदारांनी लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं: सदर जबाब माझ्याकडून अज्ञानामुळे दिला गेला.

“आज्ञान न्हाई सायेब,” आई म्हणाली. “मला समजत हुतं.”

“असं लिहिलेलं तुमच्याच फायद्याचं आहे, बाई.”

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने अंगठा उमटवला आणि शाई लुगड्याला लागू नये म्हणून परत येईपर्यंत तो अंगठा हवेत धरून ठेवला.

एसटीत मी तिच्याकडे पाठ करून बसले. मला तिची कीव आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला होता. तिने माझं एक वर्ष खाल्लं होतं, एक अख्खी तुकडी माझ्या नाकासमोरून घालवली होती. आणि ते सगळं मायेपोटी केलं होतं म्हणून मला तिच्यावर धड ओरडताही येत नव्हतं, याचा राग तर त्याहून जास्त होता. साताऱ्याच्या बाबूंना मनातल्या मनात शिव्या देता येत होत्या. हिला काय देणार?

नाताळच्या आधी पासपोर्ट आला. मी तो उलटसुलट करून बघितला. नवऱ्याचा कुठे मागमूस नव्हता. अर्ज केल्यापासून चौदा महिने झाले होते.

निघायच्या दिवशी आई कराडच्या स्टेशनापर्यंत यायचं म्हणाली. तिथून मला पुण्याची गाडी धरायची होती. ट्रंक एसटीच्या टपावर, आम्ही दोघी आत, आमच्यासमोर एक मलकापूरला उतरणारी बाई, मांडीवर कोंबडी घेऊन. फौजदारांकडे गेलो त्या दिवसापासून आईत आणि माझ्यात कामापुरतंच बोलणं होतं. ट्रंकेत शेंगांची चटणी घातली का, स्वेटर वर ठेव, एवढंच.

बाईला गप्प बसवेना. “लेक कुटं निघाली वं?”

“इलायतंला,” आई म्हणाली. “दवाखान्यात असती ती.”

“आगं बया! एकलीच?”

मी पर्स घट्ट धरली. आत पासपोर्ट होता. आईने पदर सारखा केला.

“जावई पलटणीत हाईत,” ती म्हणाली. “त्यास्नी सुटी न्हाई मिळाली.”

माझ्या तोंडाशी सगळं आलं. सातारा, विटा, तो कारकून, पाटलांचा कप, तो हवेतला अंगठा. चौदा महिने घालवून ज्याला मी कागदावरून खरवडून काढला होता, तो आईने दोन वाक्यांत पुन्हा बसमध्ये आणून बसवला होता, आणि सुटी नाकारल्यामुळे बिचारा झाला होता तो वेगळाच. मला आईला गदागदा हलवावंसं वाटलं.

बाईने मोर्चा माझ्याकडे वळवला. “मंग तू कवा येनार गं माघारी?”

आई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसता ऊस. तिची मान ताठ झाली होती आणि कान माझ्याकडे होता.

“सुटी लागली की येतो,” मी म्हणाले.